फोटूवाले सर

थंडी सरत आली, संत्र्याला आंबिया बहाराची फुलं लागली, की मोर्शीत एक प्राणी हमखास नजरेस पडतो. अंगात अनेक खिशांचं खाकी जाकीट, कानाला मफलर, पायात स्लीपर आणि छातीवर हातभर लेन्स. तो शाळेत असो, बँकेत असो की निवृत्त; गाव त्याला सरसकट ‘सर’ म्हणतं. सकाळी उन्हं यायच्या सुमारास तो परसातल्या लिंबाआड ओणवा असतो. कुंपणापलीकडून चौकशी होते, ‘सर, काहाचा फोटू काढून राह्यले?’ सर ओठांवर बोट ठेवतात. ‘हे त बुलबुल होय न! कालबी हेच होतं.’ बुलबुल उडतो. कॅमेऱ्यात उरते रिकामी फांदी आणि शेजाऱ्याचं अर्धं डोकं. असे फोटो सरांकडे हजारांनी असतात. बरे निघालेले दोन आळीपाळीने डीपीवर लागतात.

गाव सरांना हसतं. जाकिटाला खुशाल हसावं, पण हललेल्या फोटोंना हसण्याआधी थोडा विचार करावा. फेब्रुवारीत सर एकदा तरी ‘नवीन जात सापडली’ म्हणून ग्रुपवर जाहीर करतात: पिवळट पोट, गळ्यापासून खाली काळा पट्टा, खांद्यावर निळ्या चकाकीचे ठिपके. पुस्तक उघडलं की कळतं, हा जुनाच जांभळा सूर्यपक्षी. नर विणीसाठी पिसं पालटतो आहे. शोध बुडाला, पण पिसं पालटणारा नर मोर्शीत कोणत्या तारखेला दिसला याचा पुरावा राहिला. असे पुरावे वर्षानुवर्षं साठले, तर संत्र्याचा बहार आणि पक्ष्याची वीण यांचा मेळ कुठे सरकतो आहे का, हे ताडून पाहता येईल. मेळघाटच्या वाघाचा देखणा फोटो हजार जणांकडे असतो. परसातल्या पक्ष्याची तारीखवार नोंद सरांखेरीज कोण ठेवणार?

तारीख-ठिकाणाला एवढं महत्त्व कशाला, असं वाटेल त्याने रानपिंगळ्याचं प्रकरण आठवावं. 1873 साली पक्षितज्ज्ञ ह्यूमने या घुबडाचं वर्णन केलं. 1884 नंतर त्याचा खात्रीचा पुरावाच मिळेना. मायनर्ट्झहागन नावाच्या बड्या संग्राहकाने 1914 साली गुजरातेत मिळाल्याची चिठ्ठी लावून एक नमुना ठेवला होता. नमुना अस्सल, चिठ्ठी खोटी: पक्षी ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला निघाला. पक्षितज्ज्ञ पामेला रॅसमुसेन यांनी ती चिठ्ठी बाजूला सारली, जुन्या खऱ्या नोंदींचा माग धरला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिसला. पुढे तो आपल्याच जिल्ह्यातल्या मेळघाटातही सापडला. उत्तम नमुना खोट्या चिठ्ठीने निकामी ठरतो. मग खऱ्या तारखेचा धूसर फोटो टाकाऊ कसा?

यावर घरातला आक्षेप खर्चाचा. ‘एवढ्या पैशात बगीच्याचं ठिबक झालं असतं,’ हे वहिनींचं म्हणणं बिनतोड आहे आणि त्यावर सरांकडेही उत्तर नाही. मात्र नोंदीला महागडी लेन्स लागतच नाही. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातले पक्षी मोजले जातात. अमेरिकेत हे 1998 साली सुरू झालं, भारत 2013 पासून त्यात आहे. त्यासाठी डोळे, वही किंवा मोबाइल आणि किमान 15 मिनिटं पुरतात. दुसरा आक्षेप जास्त गंभीर: हे लोक पाखरांना छळतात. काही जण छळतातच. घरट्यापुढची फांदी तोडणारा, मोबाइलवर आवाज वाजवून नराला भुलवणारा, सिंभोऱ्याच्या धरणावर ‘उडतानाचा फोटो पाहिजे’ म्हणून बदकांच्या थव्याकडे धावणारा सर दिसला, तर गावाने हसत बसू नये, सरळ झापावं. वीण मोडून काढलेल्या फोटोला तारीख असली तरी किंमत नाही. परसात ओणवा राहून बुलबुलाची वाट पाहणाऱ्या सरांवर मात्र हा आरोप चिकटत नाही. तिथे छळ झालाच तर सरांच्या कमरेचा होतो.

तेव्हा शेजाऱ्यांनी कुंपणापलीकडून जरा हळू विचारावं. आणि सरांनी एवढंच पाळावं: फोटो हलला तरी चालेल, तारीख आणि ठिकाण हलवू नका.