भाऊसाहेब हलायला तयार नाहीत

आमची कोथरूडची बिल्डिंग अखेर रिडेव्हलपमेंटला गेली. भाड्याचे चेक ठरले आणि वाढीव चौरस फुटांवरून अबोला धरलेली माणसं जिन्यात पुन्हा बोलू लागली. सगळ्यांच्या सह्या झाल्या. राहिल्या त्या आमच्या घरातल्या दोघांच्या. एक ठकी, तिरंगी मांजर. दुसरे भाऊसाहेब. भाऊसाहेब म्हणजे पिवळा बोका, पण त्यांची बसायची ढब अशी की अरेतुरे करायला जीभ रेटत नाही.

घर शोधताना एजंट फोनवर विचारायचा, ‘‘फॅमिली किती?’’

‘‘आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन मांजरं.’’

मग जरा वेळानं, ‘‘ओनरला व्हेज फॅमिली हवीये, मॅडम.’’

आम्ही तिघं पक्के शाकाहारी, हे मी छातीठोकपणे सांगायचे. डब्यातलं सुकट कोणाचं, ते मात्र कोणी विचारल्याशिवाय सांगायचं नाही असं ठरलं होतं. कर्वेनगरच्या एका काकूंनी विचारलं. त्यांच्याकडेही एक मांजर निघालं आणि घर मिळालं. बाल्कनीला नायलॉनची जाळी आम्ही लावून घ्यायची आणि ११ महिन्यांच्या करारात प्राण्यांचा उल्लेख करायचा, एवढ्याच अटी. पुणे महापालिकेनं २०२२ मध्ये मांजरांनाही परवाना लागू करायचं ठरवलं, तेव्हा आम्ही खो खो हसलो होतो. आता कराराच्या मसुद्यात ‘दोन मांजरी’ असं वाचून सासूबाईंनी चष्मा काढला. ‘‘एक बोका आहे. नीट लिहा. उद्या कोर्टात गेलं तर?’’ कोण जाणार, ते मी विचारलं नाही.

मग घरात खोकी आली. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या संशोधकांनी २०१४ साली निवाऱ्यात नव्यानं आलेल्या मांजरांना लपायला खोकी देऊन पाहिली, तर ती मांजरं लवकर रुळली. त्या खोक्यांत कोणाचे स्टीलचे डबे भरायचे होते का, याचा विचार त्यांना करावा लागला नसणार. इथे मी तळाला वर्तमानपत्र घालते न घालते तोच ठकी आत. आधी कागद पुढच्या पायांनी तुडवायचा, मग गोल फिरायचं, मग शेपूट नाकावर घेऊन झोपायचं. डबे ओट्यावरच. चिकटपट्टी चर्रकन ओढली की भाऊसाहेब दिवाणाखाली आणि पट्टीवर त्यांचे चार केस. आमचं एकही खोकं त्या पिवळ्या मोहरेशिवाय सीलबंद झालेलं नाही.

टाकायच्या वस्तूंचं तर विचारूच नका. हॉलमधली वेताची खुर्ची, जिच्या हातांच्या या दोघांनी नखं घासून झिरमिळ्या केल्यात, ती द्यायची म्हणून भंगारवाल्याला वर बोलावलं. भाऊसाहेब तिच्यावर जाऊन बसले. मांजराच्या गालांत गंधग्रंथी असतात, वस्तूवर गाल घासला की ती आपली, असा त्यांचा सातबारा. भाऊसाहेबांनी भंगारवाल्यासमोर सावकाश दोन्ही हातांवर गाल घासले. तो बिचारा म्हणाला, ‘‘ताई, साहेब उठले की फोन करा.’’ खुर्ची कर्वेनगरला येते आहे.

याच गंधापायी जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलंय की त्यांची गोधडी न धुता न्या आणि सुरुवातीला दोघांना एकाच खोलीत ठेवा. नव्या घरी दूध उतू घालायच्या तयारीत असलेल्या सासूबाईंना मळकी गोधडी काही केल्या पटेना. मुळात उतू गेलेलं दूध ओट्यावरून खाली पोचेल का, यावरच आमच्या ह्यांना शंका आहे.

खरं सांगायचं तर घर कसं बदलावं हे आमच्यात ठकीलाच कळतं. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. ऑपरेशनच्या आधी ती एकदा व्याली, तेव्हा एका रात्रीत तिनं पिल्लं माळ्यावरून वॉशिंग मशीनमागे आणि तिथून चपलांच्या कपाटात नेली. एकेकाला मानगुटीला धरायचं, ठेवायचं, परत जायचं. यादी नाही, ‘हँडल विथ केअर’चं स्टिकर नाही, की आईकडून आलेला पाटा न्यायचा का यावर चर्चा नाही. आमचा पाटा अजून चर्चेत आहे, आणि ठकी फ्रिजवरून ती ऐकते.

नेण्याचा पिंजरा सवय व्हावी म्हणून हॉलमध्ये उघडा ठेवलाय. त्याला इंजेक्शनचा वास. ठकी त्याच्या टपावर झोपते. भाऊसाहेब भिंतीकडून वळसा घालून जातात.

सामान उचलायच्या दिवशी दोघांना बाथरूममध्ये कोंडायचं ठरलंय. ह्यांनी दारावर लावायला पाटी लिहिली: ‘आत मांजरे आहेत. दार उघडू नये. उघडल्यास पकडून देण्याची जबाबदारी उघडणाऱ्याची. चुकून उघडले ही सबब चालणार नाही.’ हमालांना मराठी वाचता येईल का, असं मी विचारलं, तर हे म्हणाले, ‘‘तो त्यांचा प्रश्न.’’ सासूबाईंनी पाटी दोनदा वाचली, पेन मागितलं आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं: ‘पळून आडवे गेल्यास अपशकुनाची भरपाई मिळणार नाही.’