सोवळ्यातला किडा

रेशीम विटाळत नाही, असा रूढ समज आहे. म्हणून पूजेला कद किंवा मुकटा नेसतात. ते येते कुठून, हा प्रश्न सोवळ्यात बसत नाही. तुतीचा पाला खाऊन पोसलेली अळी तोंडावाटे स्रवणारा, सुमारे 1 किलोमीटर लांबीचा एकच धागा स्वतःभोवती गुंडाळते. पतंग कोश फोडून बाहेर पडला तर धागा तुटतो आणि भाव पडतो. म्हणून आतला जीव आधीच वाफेने किंवा गरम हवेने मारतात, मग कोश कढत पाण्यात टाकून धागा उलगडतात. एका पैठणीला असे काही हजार कोश लागतात (जरीचा हिशेब वेगळा). गिऱ्हाईक मात्र एकच खात्री करून घेते: पदराची दोन सुते काडीने जाळायची, जळक्या केसांचा वास आला की माल अस्सल. मग तीच साडी नेसून बिनकांद्या-लसणाचा नैवेद्य दाखवला जातो. पतंग उडून गेल्यावर उरलेल्या कोशांचे सूत कातून हैदराबादच्या कुसुमा राजय्यांनी ‘अहिंसा सिल्क’ही काढले. पण त्याला चकाकी कमी आणि किंमत जास्त. लग्नाच्या बस्त्यात ते सहसा दिसत नाही.