जावक क्रमांकाची वाट

16 एप्रिल 2007. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकच्या वसतिगृहात सकाळी सव्वासातच्या सुमारास गोळीबार झाला, दोघे गेले. सगळ्यांना सावध करणारा ईमेल सुटला 9.26 ला. तोवर वरिष्ठांची बैठक चालली होती. बैठक म्हटली की मजकूर आलाच! काही मिनिटांतच त्याच मारेकऱ्याने नॉरिस हॉलमध्ये आणखी तीस जीव घेतले. या दिरंगाईला सरकारने 55,000 डॉलर दंड ठोठावला, आणि अपिलात त्यातही सूट मिळाली.

आपल्याकडे एवढी गुंतागुंत नाही. जिन्याखालच्या अग्निशामक नळकांड्यावर मुदत संपलेली चिठ्ठी, संकटकालीन दाराला कुलूप, किल्ली चहाला गेलेल्या शिपायाकडे. विद्यार्थ्यांना कळवायचं? कळवू की! कुलसचिवांची सही होऊ दे, जावक क्रमांक पडू दे.