रीडिंगसम्राट

बी.एस्सी.च्या प्रत्येक बॅचला एक रीडिंगसम्राट लाभलेला असतो. प्रॅक्टिकल अकराला सुरू होतं, स्वारी साडेअकराला उगवते आणि ॲप्रनची बटणं लावता लावता विचारते, "उत्तर काय यायला पाहिजे?" प्रयोग कोणता, ही चौकशी नंतर. सावकाश.

एरवी हे खपून जातं. पण आज सरांनी पंचाईत केली आहे. प्रत्येकाच्या पुढ्यात पांढऱ्या क्षाराची पुडी, वर नाव नाही, फक्त नंबर. पाच ग्रॅम तोलायचे, थर्मोकोलच्या ग्लासातल्या शंभर मिली पाण्यात विरघळवायचे, तापमान किती उतरतं ते बघायचं आणि त्यावरून क्षार ओळखायचा. फळ्यावर चार उमेदवार, प्रत्येकापुढे द्रावण-उष्मा: अमोनियम क्लोराइड 14.8, पोटॅशियम क्लोराइड 17.2, अमोनियम नायट्रेट 25.7, पोटॅशियम नायट्रेट 34.9 किलोज्यूल प्रति मोल. चौघंही पाणी गार करणारे.

बाकीची मंडळी ग्लास ढवळायला लागतात. सम्राट निघतात ते थेट लॅबवाल्या काकांकडे.

"काका, सकाळी बाटली कुठली काढली होती हो?"

"लांबलचक नाव होतं रे. शेवटी नायट्रेट होतं."

लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी 1782-83च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये बर्फाचं कॅलरीमीटर वापरलं आणि वितळलेलं पाणी तोलून उष्णता मोजली. थंडीत कुडकुडत एवढा खटाटोप! लॅबवाले काका नसले की माणसाला विज्ञान करावं लागतं.

नायट्रेट दोन. सिनियरच्या जर्नलमध्ये पोटॅशियम होतं, म्हणजे पोटॅशियमच. आता मात्र सम्राटांची खरी विद्वत्ता दिसते. ते गणित शेवटून सुरू करतात. 34.9 भागिले 101, म्हणजे ग्रॅमला 345 ज्यूल. पाच ग्रॅमचे 1725. एकशे पाच ग्रॅम द्रावण, पाण्याची विशिष्ट उष्णता 4.18, तेव्हा उतार 3.93 अंश. झालं! सुरुवातीचं तापमान 29.46, शेवटचं 25.53. एवढ्या वेळात प्रयोग दोनदा करून झाला असता, पण तसं त्यांना सुचवणं म्हणजे त्यांच्या कलेचा अपमान.

शिवाय सम्राट दिलदार आहेत. आजूबाजूच्या चौघांनाही ते रीडिंग देतात, आणि तेही प्रत्येकाला वेगळं: कुणाला 29.61, कुणाला 29.32. एकाला तर मुद्दाम थोडा उतार कमी देतात, "तुझं बरोबर आलं तर सरांना शंका येईल" असं सांगून.

सर वही हातात घेतात. मग थर्मामीटर हातात घेतात. त्यावर खुणा एकेका अंशाच्या. डोळे ताणून फार तर अर्धा अंश वाचता येतो.

"हा पॉइंट चार सहा कुठे दिसला?"

"सर, पारा मधे होता."

"आणि खोलीची उष्णता ग्लासात शिरली नाही? थर्मामीटरनं, ग्लासानं काहीच घेतलं नाही?"

"सर, मी पटकन केलं."

सर काही बोलत नाहीत. ते पुडीतली चिमूटभर पूड परीक्षानळीत टाकतात, वर कॉस्टिक सोड्याचं द्रावण घालतात आणि नळी बर्नरवर किंचित धरतात. अमोनियाचा वास थेट शेजारच्या टेबलापर्यंत जातो. क्षार अमोनियम नायट्रेट निघतो.

फळ्यावरच्या आकड्यांत सरांची खरी खोच होती. मोलच्या हिशेबात दोन्ही नायट्रेटांत अंतर दिसतं. पण अमोनियम नायट्रेटचा मोल 80 ग्रॅमचाच, म्हणून ग्रॅममागे 321 ज्यूल. पाच ग्रॅमला उतार सुमारे 3.7 अंश. म्हणजे 3.7 की 3.9, हे त्या थर्मामीटरला कळणं शक्यच नव्हतं. प्रामाणिकपणे ढवळणाऱ्यांनीही तिथं "दोनांपैकी एक" असंच लिहिलं होतं, आणि सरांनी त्यांना पूर्ण मार्क दिले. हा अन्याय सम्राटांना अजून सहन झालेला नाही.

पण माणूस शिकणारा आहे. पुढच्या प्रॅक्टिकलला त्यांच्या वहीत 29.5 आणि 26 अशी साधीसुधी रीडिंगं आहेत, एरर साडेसात टक्के आहे आणि खाली 'उष्णतेची गळती' असं कारणही दिलेलं आहे. मित्र विचारतात, एरर साडेसातच का? सम्राट खालच्या आवाजात सांगतात, "दहाच्या वर गेला तर रिपीट करायला लावतात."

थर्मामीटर अजून केसमध्येच आहे.