आईसाठी काहीतरी सोपं

घरातल्या प्रत्येकाला एकदम तज्ज्ञ करून टाकणारे विषय तसे मोजकेच. सर्दीवर कोणता काढा घ्यावा हा एक, आणि हल्ली त्यात भर पडलेला दुसरा म्हणजे आईला इंटरनेटसाठी काय घेऊन द्यावं. आमच्याकडे हा विषय निघाला तेव्हा न्यू जर्सीहून भाऊ, बंगळुरूहून भाचा आणि पुण्याहून मी, अशी तिन्ही दिशांनी मतं पडायला लागली. मिरजेहून तेवढं मत आलं नाही. ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ही चर्चा चालली होती त्यात आई नव्हती. ती त्यात यावी म्हणूनच तर सगळा खटाटोप.

भावाचं म्हणणं, आयपॅड. मोठा पडदा, स्वच्छ आवाज, बिघडत नाही. यातलं सगळं खरं. पण आईची बसायची जागा म्हणजे माजघरातली झोपाळ्याची कडी धरून, एक पाय खाली सोडून. त्या आसनात एका हातात अर्धा किलोचं यंत्र धरून दुसऱ्या हाताने त्यावर बोट फिरवायचं, हे योगासनांच्या वर्गात जमेल. भाचा बोलक्या स्पीकरवर अडून होता. "आजीला काही दाबायलाच नको, नुसतं बोलायचं." मुद्दा बिनतोड, फक्त त्या स्पीकरला हिंदी आणि इंग्रजी येत होतं, मराठी येत नव्हतं. आईचं हिंदी रेल्वे क्वार्टर्समध्ये शेजारणींशी बोलून तयार झालेलं. त्यातली क्रियापदं आजही मराठीच आहेत. शिवाय काहीही सांगायचं तर आधी त्या पेटीतल्या बाईला नावाने हाक मारायची. आई म्हणाली, "दर वेळी काय पुकारायचं गं तिला? ती काय बहिरी आहे?"

वहिनीला बटणांचा फोन पसंत होता. ही सूचना हसण्यावारी नेण्यासारखी मुळीच नाही. २०१७ साली जिओफोन आला तेव्हा पंधराशे रुपये अनामत भरून बटणांच्या फोनवर इंटरनेट मिळायला लागलं आणि पुढच्या वर्षी त्यावर व्हॉट्सअ‍ॅपही आलं. बटणाचा मोठा गुण असा, की ते दाबलं की दाबल्याचं बोटाला कळतं. काचेला हा गुण नाही. पण त्या फोनच्या पडद्यावर नातू कसा दिसणार? कपाळ दिसलं तर हनुवटी नाही.

आणि मग तो लॅपटॉप निघाला. मध्यमवर्गीय घरात कोणाचा तरी एक जुना लॅपटॉप असतो आणि त्याचं उरलेलं आयुष्य आईवडिलांकडे जाणार हे न बोलता ठरलेलं असतं. बॅटरी गेलेली, पंखा घुरघुरणारा, पडदा मंदावलेला. 'त्यांना काय, चालतंय.' मला ही रीत उलटी वाटते. धडधाकट डोळ्यांच्या माणसाला फिक्या पडद्यावरही वाचता येतं. लख्ख उजेड, मोठा आवाज, दिवसभर टिकणारी बॅटरी आणि सकाळी पडणाऱ्या सुप्रभातांच्या फुलांना पुरेल एवढी जागा, ही गरज ऐंशीच्या घरातल्या माणसाची. नवी वस्तू तिकडे जावी आणि जुनी आपल्याकडे राहावी, असं मी ग्रुपवर लिहिलं. त्यावर सगळ्यांनी अंगठा दाखवला आणि विषय बदलला.

पुढे मिरजेला गेल्यावर मी आईलाच विचारलं की तुला नक्की काय हवंय. तिची यादी आमच्या कोणाच्याच यादीशी जुळत नव्हती. भावाला शनिवारी संध्याकाळी सगळ्यांचे चेहरे एका पडद्यावर हवे होते. भाच्याला आजी पडली तर कळवणारं काहीतरी हवं होतं. आईला सगळ्यात आधी हव्या होत्या भजनी मंडळाच्या वेळा, कारण त्या आता फळ्यावर न लिहिता ग्रुपवर टाकतात आणि तिला दर वेळी दुसरीकडून कळतात. दुसरं, अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ती ठुमरी. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांची कबर मिरजेतच मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे, आणि दर्ग्यातल्या संगीतसभेला आई गुडघे चालत होते तोवर जायची. एवढ्या शेजारच्या माणसाचं गाणं ऐकायला पुण्याच्या मुलीची वाट का बघायची, हा तिचा प्रश्न मला रास्त वाटला.

तिसरी गरज हयातीच्या दाखल्याची. वडील रेल्वेत होते, आईला त्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, आणि दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे तिला सरकारला सांगावं लागतं. २०१४ साली 'जीवन प्रमाण' सुरू झालं आणि हे काम यंत्रावर आलं, पण ते यंत्र मागायचं बोटाचा ठसा, नाहीतर डोळ्याचं बुबुळ. जन्मभर राखेने भांडी घासलेल्या आणि मिरच्या कांडलेल्या बोटांवर रेषा उरतात कुठे? काउंटरवरचा मुलगा एकेक बोट पुसून टेकवायला लावायचा आणि यंत्र दर वेळी या बाई त्या नव्हेतच म्हणायचं. नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्यावरून दाखला काढता येतो. फोनच्या कॅमेऱ्यासमोर बसायचं आणि सांगितलं की डोळ्यांची उघडझाप करायची, झालं. आईने सूचना इतकी मनावर घेतली की दाखला निघाल्यावरही बराच वेळ पापण्या मिटत होती. "एवढ्यावर भागतंय होय? मग इतकी वर्षं रिक्षाला पैसे कशाला घातले?"

आईच्या पिढीला यंत्रांची भीती वाटते असं आपण फार सहज म्हणतो. स्टोव्हला पिन मारणारी ही माणसं गॅसवर आली, पाट्यावरून मिक्सरवर आली, आणि प्रत्येक वेळी त्यांना शिकवायला कोणी परदेशातून आलं नव्हतं. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा आमच्या घरात साधा फोनसुद्धा नव्हता. नाव नोंदवून ठेवलेलं होतं आणि नंबर लागायची वाट बघणं चालू होतं. तोवर आमचा नंबर म्हणजे गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या वकिलांचा. पत्रावर नंबराच्या पुढे 'पी.पी.' लिहायचं, फोन आला की त्यांचा मुलगा पळत बोलवायला यायचा, आणि आई पदराला हात पुसत जायची. ट्रंक कॉल कसा लावायचा, पलीकडून आवाज आला नाही तर किती मोठ्याने ओरडायचं, फोन ठेवताना काय म्हणायचं, हे सगळं ती वकीलबाईंकडे बघून शिकली. पुढे आमचा फोन आला तेव्हा तिला त्यात नवीन काहीच नव्हतं. विणलेला रुमाल तेवढा नवा घातला.

तेव्हा अडचण यंत्राची नाही, बोटाची आहे. हे मला तिच्या शेजारी बसल्यावर दिसलं. माझ्या फोनवर तिने चित्रावर बोट टेकवलं, काही झालं नाही. पुन्हा टेकवलं, काही नाही. तिसऱ्यांदा तिने बोट जिभेला लावलं, पोथीचं पान उलटताना लावते तसं, आणि फोन लगेच उघडला. भाच्याला हे सांगितलं तर तो हसत सुटला. पण यात शास्त्र आहे. काचेखालचा विजेचा भार बोटाच्या स्पर्शाने बदलतो आणि त्यावरून फोनला स्पर्श कळतो. म्हाताऱ्या बोटाची कोरडी, जाड झालेली कातडी वीज नीट वाहू देत नाही, ओलसर कातडी देते. पोथीची सवय इथे कामाला आली. आता झोपाळ्याजवळ पाण्याची वाटी असते.

दुसरी खोड दाबण्याची. आई बटण दाबते ते दाराची बेल दाबल्यासारखं, आत ऐकू गेल्याची खात्री होईपर्यंत. काचेच्या फोनला बोट जरा जास्त वेळ टेकलं की वाटतं, हिला चित्र उघडायचं नाही, उचलून दुसरीकडे ठेवायचंय. मग चित्रं जागा सोडतात, एखादं गायब होतं, आणि बिचारी म्हणते, "मी काही केलं नाही हो." यावर उपाय फोनमध्येच असतो. बोट किती वेळ टेकल्यावर त्याला 'धरून ठेवलं' म्हणायचं, ते सेटिंगमध्ये वाढवता येतं. तसंच मागे जायला हल्ली कडेवरून बोट सरकवावं लागतं, त्याऐवजी तळाला तीन बटणं कायमची उभी करता येतात. फोन कोणताही असो, घरी आणल्यावर ही दोन कामं आधी करावीत; अक्षरं मोठी करणं त्यानंतर. दुकानदार अक्षरं मोठी करून देतो आणि 'काकू, झाला बघा तुमच्यासाठी तयार' म्हणतो.

लिहिण्याचा प्रश्न मात्र मला वाटला होता तेवढा अवघड निघाला नाही. २०१७ पासून गूगलला मराठी बोललेलं लिहून घेता येतं. आई फोनसमोर बसून खणखणीत आवाजात सांगते, "चिरंजीव अमुक यास अनेक उत्तम आशीर्वाद," आणि फोन ते निमूट उतरवून घेतो. भजनी मंडळाच्या ग्रुपवर नुसता 'हो' कळवायचा असला तरी आशीर्वाद जातातच. कधी तिला हाताने लिहायचं असतं. बोटाने पडद्यावर अक्षरं काढली की फोन ती ओळखतो, पण आई शाळेत शिकली तशी आधी सगळा शब्द लिहून मग शिरोरेघ ओढते. तोवर फोनने शब्द घेतलेला असतो आणि रेघेचा तो आडवा डॅश करतो. त्यामुळे तिच्या संदेशांत प्रत्येक शब्दापुढे एकेक डॅश असतो. भावाला वाटलं, आईचं काही बिनसलंय.

खाँसाहेबांच्या ठुमरीचं सांगायचं राहिलं. गाणं सापडलं, लागलं, आई डोळे मिटून ऐकायला लागली, आणि मध्येच कोणीतरी वैयक्तिक कर्ज घ्या म्हणून ओरडला. 'वगळा' ही अक्षरं कोपऱ्यात उगवतात ती नखाएवढी, आणि तेवढ्यात तिथे बोट पोचणं हा खेळ तरुणांचा. माझं मत असं, की घरच्यांनी मिळून आईवडिलांसाठी एकच वर्गणी भरायची असेल, तर ती जाहिराती बंद करण्याची भरावी. खर्चिक फोनपेक्षा तिचा उपयोग जास्त होतो. चुकून दाबलं जाणारं निम्मं त्या जाहिरातींतच असतं.

फसवणाऱ्यांची धास्ती सगळ्यांनाच असते आणि ती खोटी नाही. पोलिसाचा वेश करून व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' करणारे लोक म्हाताऱ्या माणसांनाच शोधतात. अशी कोणतीही अटक कायद्यात नाही आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करायचा, हे आईच्या फोनच्या मागे मोठ्या अक्षरात चिकटवलंय. एकदा तिला पेन्शन बंद होईल म्हणून ओटीपी मागणारा फोन आला. तिने त्याला आधी गाव विचारलं, मग घरी कोण कोण असतं ते विचारलं, आणि आईला हे काम सांगितलंयस का, असं विचारल्यावर त्याने फोन ठेवला. सगळ्यांनाच हे सुचणार नाही, म्हणून चिकटवलेला कागद बरा.

तर शेवटी घेतलं काय? हा निर्णय आमच्या समितीने घेतलाच नाही. मी यादी वाचून दाखवत होते, वजन, पडदा, बॅटरी, आणि आई मध्येच म्हणाली, "समोरच्या वहिनींकडे आहे तसलाच आण की. अडलं की दारात उभं राहून विचारता येतंय. तुला विचारायचं तर आधी फोन चालला पाहिजे." म्हातारपणासाठी मुद्दाम केलेल्या सोयी मला ठाऊक होत्या. सॅमसंगच्या फोनमध्ये 'ईझी मोड' असतो, २०२३ पासून आयफोनमध्ये मोजकीच, मोठाली चित्रं दाखवणारा 'असिस्टिव्ह अ‍ॅक्सेस' आहे. ज्यांना त्यांची गरज आहे त्यांना त्या वरदान आहेत. पण आईने हेरलं होतं ते या सोयींत बसत नाही. तिचा पडदा वेगळा दिसायला लागला की समोरच्या वहिनींना त्यातलं काही सांगता येणार नाही, आणि न्यू जर्सीत तेव्हा मध्यरात्र असते.

फोन आला तो मध्यम किमतीचा, साधा अँड्रॉइड, रंगसुद्धा वहिनींच्या फोनचाच. आता दोघी ओट्यावर बसून एकमेकींच्या फोनवरून फुलं एकमेकींना पाठवतात. वहिनींच्या फोनचा मोड बदलला की आईच्या फोनचाही बदलायचा असतो आणि तो बदलायला वहिनीच येतात. आमच्या ग्रुपवर आई आली आहे, पण फारशी बोलत नाही. तिचं सगळं लक्ष भजनी मंडळाकडे.

तुमच्याकडे हा विषय निघाला असेल, तर दुकानात जायच्या आधी आईवडिलांच्या समोरच्या दारात जाऊन या आणि त्या घरात कोणता फोन वापरतात ते विचारा. तोच घ्या. आणि त्यांचा फोन फारच जुना झाला असेल, तर दोन घ्या.