नांदेडात उष्णता विकत घेताना

सापाच्या बाबतीत मराठवाड्यातल्या माणसाला एकच विद्या येते, त्याला घराबाहेर ठेवण्याची. आमचं आजोळ लोहा तालुक्यातलं. दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवद, भिंतीतच धान्याचं बळद. धान्यावर उंदरांचा डोळा, उंदरांवर धामणीचा आणि धामणीवर आज्जीचा. दिवेलागणीला ती काठी आपटत भिंतीच्या कडेनं फिरायची आणि दिसेल त्या भोकात चिंध्या कोंबायची. अशा घराण्यातल्या माणसाला भाच्यानं लातूरहून फोन करून विचारावं, "मामा, तुमची गच्चीखालची खोली रिकामीच आहे ना?"

भाचा 'लातूर पॅटर्न'मधून सहीसलामत बाहेर पडून उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. वसतिगृहात साप ठेवू देत नाहीत. अक्का, म्हणजे त्याची आई, लातूरच्या घरात ठेवू देत नाही. "माझ्या उंबऱ्याच्या आत ते येणार नाही. मामाचं घर काय कमी मोठं आहे?" असा तिचा निवाडा झाला. माझ्या घरातल्या खोल्यांचं वाटप अक्का लहानपणापासून करत आलेली आहे.

भाच्याला खरं तर धामण पाळायची होती. पण आपल्याकडच्या सापांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. धामण, नाग, घोणस, काहीही धरून घरात ठेवलं की गुन्हा. मांडूळ घेऊन फिरणाऱ्यांचे फोटो पेपरात येतात ते पोलिसांच्या मधोमध बसलेले. गुप्तधन सापडेल या आशेनं लाखांचा सौदा करायला निघतात आणि सापडतात स्वतःच. तेव्हा कायद्यात बसणारा साप परदेशीच हवा. भाच्याचा पुण्यातला एक मित्र शिकायला बाहेर चालला होता, त्याच्याकडं बॉल पायथन होता. त्यालाही कागदपत्रं लागतात. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, २०२४ साली नियम आले, आणि आता असा प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्यानं 'परिवेश' नावाच्या सरकारी पोर्टलवर नोंद करायची. आजोळच्या सातबाऱ्यावर अजून पणजोबांचं नाव आहे. मूळच्या पश्चिम आफ्रिकेतल्या या अजगराचा फेरफार मात्र बसल्या जागी झाला.

बॉल पायथन हा अजगरांतला ठेंगू. तीन ते पाच फूट, बिनविषारी. घाबरला की फणा नाही, फूत्कारही क्वचितच. अंगाचा चेंडू करतो आणि डोकं आत घालून वेळ निघून जाण्याची वाट पाहतो. हे ऐकलं आणि मला त्याच्याबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. शिक्षण खात्यातली उभी नोकरी मी याच धोरणावर काढली आहे. आयुष्य विचारलं तर वीस-तीस वर्षं सहज. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीनं तर बासष्टीच्या घरात, कित्येक वर्षांत नराचं तोंड न पाहता, २०२० साली अंडी घातली. बायकोनं एवढंच विचारलं, "म्हणजे आपल्यामागं ह्याचं कोण बघणार?" आमच्यामागं आमचं कोण बघणार हा विषय त्या दिवशी निघाला नाही, त्याबद्दल मी सापाचा आभारी आहे.

भाच्यानं मापं पाठवली. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. पुढं सरकती काच, तिला कुलूप. मी आमच्या नेहमीच्या सुताराला गाठलं. देवघरं करण्यात त्याचा हात धरणारा नाही.

"सर, ह्यात मूर्ती कोणती बसवूलालाव?"

"मूर्ती नाही. साप."

"पितळंचा?"

"जिता."

तो बराच वेळ काहीच बोलला नाही. मग हातातली पट्टी बाजूला ठेवून म्हणाला, "मग कळस लावायचा का नाही?"

कळस नको म्हटलं. तरी खोका आला तेव्हा काचेवर महिरप होती आणि दोन्ही अंगाला मोर. पैसे महिरपीचेही लागले.

यानंतर मी केलं ते थेट आज्जीचंच काम, फक्त उलट अंगानं. साप बाहेर जाऊ नये म्हणून भोकं बुजवणं. जिथून डोकं जातं तिथून अख्खा साप जातो, म्हणून प्रत्येक सांध्यात सिलिकॉन भरलं. चिकटपट्टी आत कुठंही लावायची नाही, ती खवल्यांना चिकटते. आत नारळाच्या भुशाचा थर, अंगाला घट्ट बसतील अशा लपायच्या दोन जागा, पाण्याची कुंडी. लपायच्या जागा दोन का? तर खोक्याची एक बाजू गरम हवी, ३१-३२ अंशांची, आणि दुसरी थंड, पंचविसाच्या आसपासची. सापाच्या रक्ताला स्वतःची ऊब नसते. खाल्लेलं पचवायला तो उबेत जातो, उकडलं की गारव्यात येतो. एकाच बाजूला आडोसा ठेवला तर भित्रं जनावर लपण्यासाठी पोट बिघडवून घेतं.

आता उष्णतेची व्यवस्था. त्यासाठी सिरॅमिकचा एक दिवा मिळतो, तो उजेड पाडत नाही, नुसता तापतो. सोबत थर्मोस्टॅट. हे सामान मे महिन्यात घरी आलं. कुरिअरचा पोरगा डोक्याला ओला पंचा बांधून दारात उभा. खोक्यात काय आहे, विचारू लागला. मी म्हटलं, हीटर आहे. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं, सूर्याकडं एकदा पाहिलं आणि सहीसाठी मोबाइल पुढं केला.

साप येण्याआधी खोका रिकामाच चालवून बघायचा असतो. मी दोन्ही टोकांना तापमापक लावले. दिवा बंद होता. गरम बाजू चाळीस, थंड बाजू चाळीस. भाच्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "मामा, थंड बाजू कुठंय?" म्हटलं, बाळा, ती महाबळेश्वरला आहे. हे सगळं शास्त्र थंड देशातल्या लोकांनी लिहिलेलं. ऊब कशी आणावी यावर त्यांचे ग्रंथच्या ग्रंथ आहेत. गच्चीखालच्या खोलीतून ती हाकलावी कशी, यावर एक ओळ नाही.

वर हवेत ओलावा हवा, साठेक टक्के. त्यावर आमच्याकडं कूलर आहे, वाळा लावलेला. ओलावा भरपूर झाला. पारा मात्र तिशीच्या खाली उतरेना, आणि कूलर पाणी पिऊ लागला. हे अक्काला कळताच लातूरहून फोन आला. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हापासून ती पाहुण्यालाही "अर्धा देऊ का पूर्ण?" असं विचारून पेला भरते. सापाला पिण्यासाठीच नव्हे तर वाटलं तर बसण्यासाठीही कुंडी लागते, हे ऐकून ती एवढंच म्हणाली, "आम्ही त्या साली बादलीत हात बुडवला नव्हता."

भाच्याचं दैवत नीलिमकुमार खैरे. १९८० साली पुण्यात ते ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले आणि पुढं कात्रजचं सर्पोद्यान उभं केलं. मला यातलं धाडस कळतं, पण सोयही कळते. माणूसच आत जाऊन बसला की साप कुठं गेला हा प्रश्न उरत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या शेटफळचे लोक त्याहून पुढचे. तिथं घराच्या आढ्यातच नागाला विसाव्याची जागा ठेवतात असं सांगतात. तिकडं बेनिन देशातल्या विदा गावात बॉल पायथनचं मंदिर आहे. देव रात्री गावात उंदरांवर जातात, आणि सकाळी ज्याच्या घरात सापडतील तो त्यांना अदबीनं परत आणून सोडतो. म्हणजे आमच्या पाहुण्याच्या माहेरी त्याला अख्खं गाव मोकळं, आणि इथं चार बाय दोनची महिरप.

आषाढी एकादशीच्या सुमारास तो आला, आणि लगोलग त्यानं चातुर्मास धरला. जागा बदलली की ही जात महिनोनमहिने अन्न सोडते, त्यात काही आजार नसतो. पण गोठवलेल्या उंदरांची पाकिटं डीप फ्रीजरमध्ये आमरसाच्या डब्यांशेजारी येऊन पडली होती. त्या वर्षी आमच्याकडं आमरस कुणी मागितला नाही. नागपंचमीला गल्लीतल्या बाया दूध-लाह्या घेऊन आल्या. साप दूध पीत नाही, त्याला ते पचतही नाही, हे मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वाटी महिरपीखाली ठेवली. दिवाळीला त्यानं पहिला उंदीर गिळला. बायकोनं पेढे वाटले. पोराच्या दहावीला आणले होते त्याच दुकानातले.

डिसेंबरात पारा दहा-बाराला आला तेव्हा तो सिरॅमिकचा दिवा कामाला लागला, आणि लोडशेडिंगच्या रात्री मी इन्व्हर्टरची एक वायर टीव्हीवरून काढून सापाला दिली. खरी परीक्षा पुन्हा मे महिन्यातच झाली. पस्तिशीच्या वर त्याच्या जिवाला धोका, असं भाच्यानं बजावलं. पोरगी बारावीला होती तेव्हा एसी मागत होती. आम्ही तिला आमच्या काळात कंदिलावर कसा अभ्यास केला ते सांगितलं होतं. सापाला कंदिलाची गोष्ट सांगता येईना. गच्चीखालच्या खोलीत दीड टनाचा एसी बसला. पोरगी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर तो बसवताना बघत होती. काही बोलली नाही.

तेव्हापासून घर त्या खोलीत राहतं. दुपारी बायको तिथं भाजी निवडते, मी पेपर वाचतो, कामवाल्या मावशी आधी लांबूनच जायच्या, आता रोज तिथंच फरशी दोनदा पुसतात. अक्का लातूरहून "बघून जाते" म्हणून आली ती बॅग घेऊनच. पहिल्या दिवशी दारात उभी राहून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी चटई टाकली. तिसऱ्या दिवशी दुपारची झोप काढून उठली, चहाचा कप हातात घेतला आणि महिरपीकडं पाहत म्हणाली, "खोली लई गार आहे रे. पण अडचण होऊलाली. ह्याला हॉलमधी ठेवता येत नाही का?"