अण्णांची प्रेशरची वही

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत कुणाला जरा गरगरलं, की त्याला आधी अण्णांच्या कट्ट्यावर बसवतात, दवाखाना मागाहून. अण्णा डॉक्टर नाहीत. चादरींच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली. निवृत्तीनंतर लिहायला काही उरलं नाही म्हणून ते कासावीस झाले होते, तेवढ्यात पुण्याच्या मुलानं प्रेशर मोजायचं मशीन पाठवलं आणि खतावणी पुन्हा सुरू झाली.

मोजण्याची रीत मात्र शास्त्राला धरून. आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं. दंड उघडा, पट्टा छातीच्या पातळीला. "बोलू नको बे, बोललं की आकडा वाढतो," असं बजावून त्या पाच मिनिटांत अण्णा स्वतः महापालिका, जावई आणि शेंगांचा भाव या तिन्ही विषयांवर बोलून घेतात. आपला आकडा कशानं वाढतो याचा पेठेला अंदाज आहे. पण मशीन फुकट आहे, त्यामुळे कुणी बोलत नाही.

वही लाल कापडी बांधणीची. तारीख, वेळ, वरचा, खालचा आणि शेवटी सगळ्यांत रुंद रकाना 'कारण'. "कारण नसताना खर्च कधी लिहिला नाही, मग प्रेशर कसं लिहू?" हे अण्णांचं म्हणणं. स्वतःच्या पानावरच्या नोंदी अशा : '१५२/९४ – मेहुणा आला.' '१५६/९६ – मेहुणा राहणार म्हणाला.' '१३४/८४ – सिद्धेश्वर एक्सप्रेस वेळेवर सुटली.' चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात कारणांचा तुटवडा नसतो. उजनी धरण भरलेलं असो की तळाला गेलेलं, पाण्याच्या दिवशी पहाटे शेजारच्यानं नळाला मोटर लावली, की अण्णांचा वरचा आकडा दीडशेच्या पुढं. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर गेला, की अख्ख्या पानभर वरून खालपर्यंत एकच कारण : 'उन्हाळा', आणि खाली नुसती '"' '"' अशी चिन्हं.

डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सगळं मिळून चहाचा एक चमचा. अण्णांनी त्याच दिवशी आमटीतलं मीठ बंद केलं. आमटी अळणी लागते म्हणून कडक भाकरीबरोबर शेंगाचटणीची मूठ वाढली आणि कैरीचं लोणचं आलं. "त्यात मीठ हाय की ओ," काकू म्हणाल्या. "ते चटणीचं मीठ. आपलं नव्हं." हिशेबनिसाला एका खात्यातली रक्कम दुसऱ्या खात्यात टाकायला काय लागतं!

गोळीचं खातंही तसंच. आकडा एकशेचाळीसच्या वर गेला तरच गोळी. "पाऊस नसताना छत्री उघडून फिरता काय, मालक?" असं मलाच विचारतात. गोळीमुळेच आकडा खाली असतो, ती आपल्या मनानं बंद करायची नसते, हे डॉक्टर दर खेपेला सांगतात. अण्णा दर खेपेला मान डोलावतात आणि गोळ्यांची शिल्लक मोजतात. वाचली तर आनंद.

गेल्या जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली तेव्हा घर पाहुण्यांनी फुललं होतं. त्या गडबडीतच अण्णा तपासणीला निघाले, वही काखेत आणि पिशवी धरायला काकू. सोबत मीही. डॉक्टरांनी वही मोठ्या आवडीनं चाळली. पेठेतला दूधवाला होता, इस्त्रीवाला होता, दोन माजी नगरसेवक होते.

"काकूंचं पान कुठंय?"

"तिला काय झालंय?" अण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी काकूंना पाच मिनिटं गप्प बसवलं. लग्नानंतर एवढा वेळ नुसतं बसायची ही पहिलीच वेळ, असं काकू नंतर म्हणाल्या. आकडा आला १६४/९८. एका मोजणीवरून ठरवायचं नाही, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून दाखवा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

अण्णांनी लगेच कोरं पान उघडलं. तारीख, वेळ, वरचा, खालचा, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. 'कारण' या रकान्यापाशी पेन थांबलं. काकू त्यांच्याकडं बघत होत्या. डॉक्टर बघायला लागले. मीही. खिडकीबाहेरून माणसं स्वेटर-मफलर घालून गड्ड्याला चालली होती.

अण्णांनी लिहिलं : 'उन्हाळा'.